झाडावरचं झाड घरात आणताना

आंबोलीहून चौकुळला जाताना रस्त्याच्या कडेला एक जुना आंबा आहे. ऑगस्टमध्ये त्याच्याखाली उभं राहिलं की आंब्याची पानं शोधावी लागतात, इतका तो बाशिंगाने भरलेला असतो. बाशिंग म्हणजे झाडावर वाढणारा नेचा. फांद्यांच्या बेचक्यांत, खोडाच्या वळणांवर त्याची कातरलेली हातभर लांब पानं ओळीने उभी असतात आणि झाडाच्या कपाळाला खरोखरच बाशिंग बांधल्यासारखं दिसतं. मी तो पहिल्यांदा जवळून पाहिला तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. हिरव्या पानांच्या बुडाशी, खोडाला घट्ट चिकटून, तपकिरी रंगाची आखूड, कडक, जाड कागदासारखी पानं होती. वाळून गेली असतील असं समजून मी त्यातलं एक थोडं बाजूला केलं आणि मागे बोटं घातली. आत गार, ओला, काळा पाचोळा होता. त्यात मुळ्यांचं दाट जाळं, धावपळ करणाऱ्या मुंग्या आणि एक गांडूळ. माझ्या डोक्याच्या उंचीवर, आंब्याच्या खोडाला टांगलेली ओंजळभर जमीन होती ती, आणि नेच्याने ती स्वतः जमवली होती.

त्याच झाडाखाली मी पुढच्या मार्चमध्ये गेलो. हिरवी पानं झडली होती, त्यांचे बोडके देठ तेवढे उभे होते. तपकिरी पानं मात्र होती तिथेच होती, आणि त्यांच्या आड बोटाएवढा जाड, लवदार खवल्यांनी झाकलेला खोडाचा कोंब फांदीला धरून जिवंत होता. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, पण तो जेमतेम चार महिन्यांत. उरलेले आठ महिने बाशिंग त्या तपकिरी पानांच्या आडोशावर काढतं.

घरात वाढवायच्या मोठ्या नेच्यांवरचं पुस्तक मी या आंब्यापासून सुरू करतो आहे, कारण माझ्या मते त्यांच्या निगेतलं सगळं महत्त्वाचं या झाडावर दिसतं. आपण दिवाणखान्यात आणतो ते बर्ड्स नेस्ट आणि स्टॅगहॉर्न हे दोन्ही बाशिंगासारखेच झाडावर राहणारे आहेत. त्यांच्या मुळांनी जमीन पाहिलेली नसते. ती झाडाचा रस शोषत नाहीत, फक्त फांदीचा आधार घेतात. पाणी येतं ते पावसाचं आणि धुक्याचं, अन्न येतं ते वरून पडणाऱ्या पाचोळ्यातून, पक्ष्यांच्या विष्ठेतून, धुळीतून. मुळांच्या अवतीभवती हवा सतत खेळती असते. असं झाड आपण नर्सरीतून आणतो, लाल मातीने गच्च भरलेल्या कुंडीत लावतो, रोज सकाळी तांब्याभर पाणी घालतो आणि दोन महिन्यांनी विचारतो की एवढी काळजी घेऊनही ते का गेलं. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक प्रश्न हाच असतो. उत्तरही एकच असतं: आपण कुंडीची काळजी घेतली, हवेची घेतली नाही.

बर्ड्स नेस्ट हे या गटातलं सगळ्यात ओळखीचं झाड. केळीच्या पानासारखी अखंड, चकचकीत, फिकट हिरवी पानं एकाच केंद्रातून चहूबाजूंनी वर उठतात आणि मधे टोपली तयार होते. घरात त्याची पानं दीड-दोन फुटांवर थांबतात, पण रानात ती पाच फुटांपर्यंत जातात. ही टोपली शोभेसाठी नाही. वरून पडणारं प्रत्येक पान, प्रत्येक काडी तिच्यात अडकते आणि कुजते. बोर्निओच्या वर्षावनात फार्नन एलवूड आणि विल्यम फॉस्टर या दोन संशोधकांनी हे नेचे झाडांच्या शेंड्यांवरून खाली उतरवून तपासले आणि २००४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांचा लेख आला. मोठ्या नेच्यांचं वजन दोनशे किलोपर्यंत भरत होतं. एका मोठ्या नेच्यात राहणाऱ्या कीटकांचं आणि इतर लहान प्राण्यांचं एकूण वजन ज्या झाडावर तो वाढला होता त्या झाडाच्या उरलेल्या सगळ्या शेंड्यातल्या प्राण्यांच्या वजनाच्या तोडीस तोड होतं. म्हणजे झाडावर एक झाड आणि त्या झाडात एक गाव. आपल्या कोपऱ्यातल्या तिपाईवर ठेवलेलं ते रोप याच जातकुळीतलं आहे हे लक्षात आलं, की त्याला पाणी घालणारा हातही जरा वेगळ्या समजुतीने पुढे जातो.

स्टॅगहॉर्न त्याहून विलक्षण. त्याची पुढे आलेली पानं सांबराच्या शिंगासारखी फाटे फुटून लोंबतात आणि मागची गोल, पसरट पानं आधाराला ढालीसारखी चिकटून बसतात. बाजारात आपल्याला सहसा मिळतो तो पूर्व ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचा. याच कुळातली एक जात आपल्या ईशान्येत, मणिपूरकडे रानात आढळते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला समुद्रात असलेल्या लॉर्ड हाव बेटावर स्टॅगहॉर्नचे मोठमोठे झुपके झाडांवर वाढतात. एका झुपक्यात अनेक रोपं एकमेकांना मुळांनी जोडलेली असतात. २०२१ मध्ये तिथल्या निरीक्षणांवर आधारलेला एक लेख प्रसिद्ध झाला. त्यात असं मांडलं होतं की या झुपक्यातली रोपं पोळ्यातल्या मधमाश्यांसारखी कामं वाटून घेतात. कित्येक रोपं बिजाणू धरतच नाहीत, ती फक्त घरटं उभं करायला आणि ओल धरायला मदत करतात. मधमाश्यांच्या पोळ्याशी केलेली ही तुलना किती ताणावी यावर शास्त्रज्ञांनी वाद घालावा. मला त्यातून घरासाठी एक गोष्ट घ्यावीशी वाटते: स्टॅगहॉर्नला बाजूने पिल्लं फुटली की ती लगेच सुटी करायची घाई करू नये. झुपका जेवढा मोठा, तेवढा तो स्वतःची ओल स्वतः सांभाळतो.

तिसरं झाड बोस्टन फर्न. ते या दोघांपेक्षा वेगळं आहे, म्हणून त्याच्याकडे नंतर वळतो. याखेरीज वृक्षनेचे आहेत, सह्याद्रीत आणि निलगिरीत ओढ्यांकाठी उभे राहणारे, माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचे. राक्षसी पानांचे अँजिओप्टेरिस आहेत, ज्यांचं एकेक पान वीस फुटांच्या पुढे जातं. या पुस्तकात त्यांची ओळख आहे, पण ते सदनिकेत आणावेत असं मी कुणालाही सुचवणार नाही.

नेचे ही फुलझाडांपेक्षा कितीतरी जुनी मंडळी. त्यांना फूल नाही, फळ नाही, बी नाही. पानांच्या पाठीवर बिजाणू तयार होतात, धुळीसारखे उडतात आणि जिथे ओल मिळेल तिथे रुजतात. पण आज आपण जे नेचे पाहतो, त्यांतले बरेचसे फुलझाडांची घनदाट रानं उभी राहिल्यानंतर, त्या रानांच्या सावलीत विस्तारले. सावलीत जगण्याची त्यांची एक युक्ती थक्क करणारी आहे. अनेक नेच्यांत अंधूक उजेड ओळखणारं एक प्रथिन असतं, लाल आणि निळा दोन्ही उजेड टिपणारं. २०१४ मध्ये असं दिसून आलं की त्या प्रथिनाचं जनुक नेच्यांनी शेवाळासारख्या दिसणाऱ्या हॉर्नवर्ट या बुटक्या वनस्पतींकडून कोट्यवधी वर्षांपूर्वी कधीतरी मिळवलं असावं. आईबापाकडून आलेला वारसा नव्हे, शेजाऱ्याकडून उचललेली चीज.

घराच्या कोपऱ्यातला मंद उजेड नेच्याला पुरतो तो या जुन्या तयारीमुळे. तरी पुरतो म्हणजे अंधार चालतो असा अर्थ काढू नये. माझा साधा निकष असा की दिवसा दिवा न लावता ज्या जागी वर्तमानपत्र वाचता येतं, तिथे नेचा जगतो. पूर्वेची खिडकी उत्तम, कारण सकाळचं कोवळं ऊन त्याला मानवतं. पश्चिमेच्या खिडकीत पडदा नसेल तर एका एप्रिलमध्ये पानांवर कायमचे करपलेले चट्टे उठतात.

पाण्याच्या बाबतीत नेच्यांची एक अंगभूत मर्यादा समजून घ्यायला हवी. फुलझाडांच्या खोडात आणि पानांत पाणी वाहून नेणाऱ्या रुंद, लांब नळ्या असतात. बहुतेक नेच्यांत तशा नळ्या नसतात. अरुंद पेशींच्या साखळीतून पाणी हळूहळू वर चढतं. हवा कोरडी असली की पानातून पाणी भराभर उडतं आणि मुळांशी ओल असूनही ते पानाच्या टोकापर्यंत वेळेत पोचत नाही. पानाच्या कडा तपकिरी होतात त्या यामुळे. हे पाहून आपल्याला वाटतं की झाड तहानलेलं आहे आणि आपण कुंडीत आणखी पाणी ओततो. मुळं गुदमरून कुजतात, कुजलेली मुळं पाणी आणखीच कमी ओढतात आणि कडा आणखी करपतात. माझा पहिला बर्ड्स नेस्ट याच फेऱ्यात गेला. केंद्रातली पानं एका सकाळी हातात आली, बुडाशी तपकिरी, चिकट, आंबूस वासाची. त्या दिवसापासून मी पाणी घालण्याआधी बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घालून बघतो.

इथे मला लंडनच्या एका डॉक्टरांची गोष्ट सांगायची आहे. घरातल्या नेच्यांचा इतिहास त्यांच्यापासून सुरू होतो. नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड हे लंडनच्या पूर्व भागात, गोदीजवळच्या दाट वस्तीत राहत. त्यांना नेच्यांची फार हौस होती. अंगणात दगड रचून त्यांनी ते लावले, पण कोळशाच्या धुराने सगळे मेले. १८२९ मध्ये त्यांनी पतंगाचा एक कोश ओलसर पाचोळ्यात पुरून काचेच्या झाकणबंद बरणीत ठेवला होता, पतंग बाहेर येताना पाहावा म्हणून. पतंगाआधी त्या पाचोळ्यातून एक नेचा आणि एक गवत उगवलं. बरणीतली वाफ दिवसा काचेवर धरायची, संध्याकाळी ओघळून पाचोळ्यात परत जायची, आणि बाहेर जे झाड तग धरत नव्हतं ते आत निवांत वाढत होतं. वॉर्ड यांना त्यात तत्त्व दिसलं. त्यांनी काचेच्या बंद पेट्या करून घेतल्या. १८३३ मध्ये अशा दोन पेट्या रोपांसह लंडनहून सिडनीला गेल्या. महिन्यांचा समुद्रप्रवास, खारा वारा, विषुववृत्ताची उष्णता यांतून रोपं जिवंत पोचली, आणि त्याच पेट्यांतून ऑस्ट्रेलियाची झाडं, त्यांत नेचेही, परतीच्या प्रवासात इंग्लंडला आली. १८४२ मध्ये वॉर्ड यांनी या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधून चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याला आणली ती वॉर्ड यांच्याच पेट्यांतून. आपल्या सकाळच्या चहाचा धागा एका नेच्यापर्यंत जाऊन पोचतो, हे मला दरवेळी नव्याने आठवतं.

त्यानंतर इंग्लंडमध्ये नेच्यांचं वेड लागलं. चार्ल्स किंग्जली याने १८५५ मध्ये त्या वेडाला ‘टेरिडोमेनिया’ असं नावच देऊन टाकलं. त्या हौसेपायी डोंगरकड्यांवरचे दुर्मीळ नेचे उपटून उपटून संपवले गेले, ही त्याची काळी बाजू. तेच आज आपल्याकडे होऊ नये म्हणून मी पुढे एक विनंती करणार आहे.

वॉर्ड यांच्या लंडनमध्ये धूर होता. आपल्या घरांत वातानुकूलन आहे, पंखा आहे आणि उन्हाळा आहे. मुंबईत आणि कोकणात दमट हवा फुकट मिळते, तिथे नेचा फारशी तक्रार करत नाही. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतली सापेक्ष आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर उतरते. नागपुरात मे महिन्यात परिस्थिती याहून बिकट. झाडावरच्या नेच्याला बरं वाटावं तर ५० टक्क्यांच्या वर आर्द्रता हवी. मग करायचं काय? फवारणीची बाटली घेऊन दिवसातून चारदा पानांवर पाणी मारणं हा सगळ्यांना सुचणारा उपाय. त्याने पानावरची धूळ उतरते, बाकी फरक दहा-पंधरा मिनिटांपुरता. त्यापेक्षा झाडं एकत्र ठेवावीत. पाच-सहा कुंड्या जवळजवळ असल्या की त्यांच्या पानांतून निघणारी वाफ एकमेकांना पुरते, रानात असतं तसं. कुंडीखाली पसरट ताटात खडे आणि पाणी ठेवावं, कुंडीचं बूड मात्र पाण्याला टेकू नये. उजेड येत असेल तर न्हाणीघर ही नेच्याची आवडती जागा, आणि उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत माझे स्टॅगहॉर्न तिथेच असतात. पंख्याच्या किंवा एसीच्या झोतात नेचा ठेवू नये, एवढं एक पाळलं तरी बरीच झाडं वाचतील. हिवाळ्यात पुण्याचं रात्रीचं तापमान दहा अंशांपर्यंत घसरतं, तेव्हा गॅलरीतला बर्ड्स नेस्ट आत घ्यावा.

कोणतं पाणी, हा प्रश्न लोक विचारत नाहीत, पण तो महत्त्वाचा आहे. आपल्याकडे सोसायट्यांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं आणि ते क्षारयुक्त असतं. वर्षभरात कुंडीच्या कडेला पांढरी पुटं चढतात, तेच क्षार पानांच्या टोकांशी साठून ती करपतात. पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन बरंचसं उडून जातं, क्षार जात नाहीत. पावसाळ्यात गॅलरीत बादली ठेवावी. नाही जमलं तर दर दोन-तीन महिन्यांनी कुंडी मोरीत ठेवून तिच्यातून भरपूर पाणी वाहू द्यावं, म्हणजे साठलेले क्षार धुवून निघतात. बर्ड्स नेस्टला पाणी कडेने द्यावं. रानात त्याच्या टोपलीत पाणी पडतंच की, असं कुणी म्हणेल. पडतं, पण तिथे वाराही असतो आणि टोपली पाचोळ्याने भरलेली असते. बंद खोलीत मधोमध साचलेलं पाणी कोवळे कोंब कुजवतं. हे कोंब गोगलगायीच्या शंखासारखे गुंडाळलेले असतात आणि इतके नाजूक की कौतुकाने बोट लावलं तरी पान उलगडताना त्या जागी डाग उरतो. त्यांना नुसतं बघावं.

कुंडीत काय भरावं याचं प्रमाण आत दिलं आहे. तत्त्व एवढंच की मूठभर मिश्रण ओलं करून दाबलं तर त्याचा गोळा होता कामा नये. नारळाच्या सोडणांचे तुकडे, कोळसा, विटेचे बारीक खडे, कुजलेला पाचोळा आणि थोडं गांडूळखत, लाल माती जवळजवळ नाहीच. कोकोपीट वापरायचं तर आधी दोन-तीन पाण्यांतून धुवून घ्यावं, त्यात मीठ असतं. कुंडी बदलायची ती जूनमध्ये, पहिले दोन-चार पाऊस झाल्यावर. खत पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या निम्म्याने, आणि तेही पावसाळ्यात. पाचोळ्यावर वाढणाऱ्या झाडाला रासायनिक खताचा मोठा घास पचत नाही.

स्टॅगहॉर्न मी कुंडीत लावतच नाही. जुन्या सागवानी फळीवर सोडणांची गादी करतो, तिच्यावर रोप टेकवतो आणि सुती दोऱ्याने बांधतो. सुती दोरा वर्षभरात कुजून जातो, तोवर ढाल फळीला धरलेली असते. पाणी देताना फळी भिंतीवरून काढून दहा-पंधरा मिनिटं बादलीत उलटी बुडवायची, मग न्हाणीघरात टांगून शेवटचा थेंब गळेपर्यंत थांबायचं. परत कधी द्यायचं हे वार मोजून ठरवू नये. फळी हातात घ्यावी. ओली फळी हाताला जड लागते, आणि ज्या दिवशी ती चटकन हलकी लागेल त्या दिवशी पाणी द्यावं. दोन महिन्यांत हाताला हे वजन पाठ होतं. माझ्या घरी हे काम करणाऱ्या मावशी माझ्यापेक्षा अचूक सांगतात, ‘दादा, आज ह्याला नको, उद्या देऊ.’

दोन गैरसमजांसाठी मला जरा जास्त जागा घ्यायची आहे, कारण त्यांपायी निरोगी झाडं मरतात. एका संध्याकाळी समोरच्या इमारतीतल्या काकू वर्तमानपत्रात गुंडाळलेलं बर्ड्स नेस्टचं पान घेऊन आल्या. ‘अहो, बघा ना हो, पानाच्या मागे सगळी कीड पडलीय. चार दिवस खरवडतेय, जात नाही.’ मी पान खिडकीशी धरलं. पानाच्या पाठीवर, मधल्या शिरेपासून कडेकडे तिरप्या जाणाऱ्या तपकिरी रेघा होत्या. एकसारख्या अंतराच्या, एकमेकींना समांतर, जणू कुणी पट्टी धरून आखल्या असाव्यात. मी त्यांना भिंग दिलं. प्रत्येक रेघ म्हणजे शेकडो इवल्या डब्या होत्या, काही बंद, काही फुटलेल्या, आणि टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर सोनेरी-तपकिरी भुकटी सांडली होती. ते बिजाणू होते. झाड इतकं सुखात होतं की पुढच्या पिढीच्या तयारीला लागलं होतं, आणि काकू चार दिवस ती पिढी नखाने खरवडत होत्या. त्या बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या, मग म्हणाल्या, ‘एवढं नीटनेटकं असतं होय हे!’ ओळखण्याची खूण हीच. बर्ड्स नेस्टचे बिजाणू रांगेत असतात आणि पानाच्या मागेच असतात. खवले कीड कुठेही, कशीही, देठावर आणि मधल्या शिरेवर गर्दी करून बसते, नखाने उचलली की सुटते आणि तिच्याखाली चिकटपणा लागतो. ती मात्र खरी कीड. ती कापसाच्या बोळ्याने हाताने काढावी. साबणाचा किंवा तेलाचा फवारा नेच्याच्या पानांना सोसत नाही.

दुसरा गैरसमज स्टॅगहॉर्नच्या ढालीचा. ही पानं कोवळी असताना हिरवी असतात आणि काही महिन्यांत तपकिरी होतात. मग घरातलं कुणीतरी स्वच्छतेच्या भरात ती सोलून काढतं. बाशिंगाची ती कागदी पानं आठवावीत. तपकिरी ढालीच्या मागे मुळं असतात, ओल असते, साठवलेला पाचोळा असतो. एकावर एक चढत जाणाऱ्या जुन्या ढालींचा थर हीच त्या झाडाची जमीन. तो सोलला की झाड उघडं पडतं. शिंगांवरची पांढुरकी लवही पुसू नये. ती बुरशी नव्हे, धूळही नव्हे. ती पानाची सावली आहे, ऊन आणि कोरडी हवा अडवणारी.

आता बोस्टन. हा झाडावरही वाढतो आणि जमिनीवरही, आणि त्याला तहान सोसत नाही. १८९४ मध्ये फिलाडेल्फियाहून बोस्टनला गेलेल्या नेच्यांच्या रोपांत एक वेगळं निघालं. त्याची पानं ताठ उभी न राहता कमानीसारखी झुकत होती. तेच पुढे जगभरच्या ओसऱ्यांवर टांगलं गेलं. त्याची माती कधी पूर्ण वाळू देऊ नये. वाळली तर बारीक पानं पिवळी होऊन नुसतं झाड हलवलं तरी जमिनीवर सडा पडतो. असं झालं तरी टाकून देऊ नका. सगळी पानं बुडाशी कापा, कुंडी सावलीत ठेवा, ओल सांभाळा. जुलैत ते पुन्हा फुटतं. मी हे अनेकदा केलं आहे.

आता ती विनंती. पावसाळ्यात घाटरस्त्यांच्या कडेला रानातून ओरबाडून आणलेले नेचे विकायला असतात. ऑर्किडसाठी म्हणून वृक्षनेच्याच्या खोडाचे तुकडेही विकले जातात. ते खोड आडवं कापायचं तर पूर्ण वाढलेलं झाड पाडावं लागतं, आणि ते झाड वर्षाला काही इंचच वाढतं. सायथिया गटातल्या वृक्षनेच्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारानुसार नियंत्रित आहे, पण रस्त्याच्या कडेला ते कोण बघतो? एका नर्सरीत मी अशा तुकड्यांचा ढीग पाहिला. हे कुठून येतं, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, ‘वरून येतं.’ सोडणं, फळ्या, कोळसा यांनी सगळं काम भागतं. बर्ड्स नेस्ट, स्टॅगहॉर्न, बोस्टन हे तिन्ही नर्सऱ्यांत वाढवलेले सहज मिळतात. बाशिंग आंब्यावरच राहू द्यावं आणि ते बघायला ऑगस्टमध्ये जावं.

ज्यांना थांबण्याची तयारी आहे त्यांच्यासाठी शेवटचं प्रकरण बिजाणूंवर आहे. पिकलेलं पान दोन दिवस कोऱ्या कागदाच्या घडीत ठेवायचं. पडलेली भुकटी उकळत्या पाण्याने निर्जंतुक करून गार केलेल्या कोकोपीटवर पसरायची आणि झाकणाच्या पारदर्शक डब्यात बंद करायची. हीच वॉर्ड यांची बरणी. काही आठवड्यांनी हिरवा थर धरतो. त्यातून नखाएवढ्या, हृदयाच्या आकाराच्या पातळ पाकळ्या होतात. त्यांच्या खालच्या बाजूला नर पेशी पाण्यातून पोहत मादी पेशींपर्यंत जातात, म्हणून या दिवसांत डबा कोरडा पडू द्यायचा नाही. काकूंनी त्या पानावरची भुकटी अशीच पेरली होती, गेल्या वर्षी गणपतीनंतर. डबा त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, मिठाच्या बरणीशेजारी असतो. परवा त्यांनी मला बोलावून भिंग हातात दिलं. एका पाकळीच्या खाचेतून मोहरीच्या दाण्याहून थोडं मोठं एक पान वर आलं होतं.